कौतुक परमचं, बोटं मात्र इनस्क्रिप्टवर

संगणकशास्त्रज्ञ डॉ. विजय भटकरांना २००० साली पद्मश्री मिळाली, २०१५ साली पद्मभूषण. महाराष्ट्र भूषणही मिळाला. प्रत्येक वेळी बातमीत एकच शब्द ठळक असतो: परम, म्हणजे त्यांच्या नेतृत्वाखाली घडलेला महासंगणक.

त्यात चूक काहीच नाही. हव्या त्या ताकदीचा क्रे महासंगणक अमेरिका देईना, म्हणून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संशोधन संस्था सुरू झाली आणि १९९१ मध्ये परम ८००० उभा राहिला. त्यातली युक्ती पंगतीची. हजार पानं एकट्या वाढप्याकडून कधी वाढून व्हायची? ६४ वाढपी सोडले की काम झपाट्यानं होतं. फक्त भाताआधी मठ्ठा आणि वरणाआधी तूप असा गोंधळ नको, म्हणजे वाढप्यांनी आपसांत बोलत राहायला हवं. परममध्ये हे वाढपी म्हणजे ट्रान्सप्यूटर नावाच्या चिप. शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी प्रत्येकीला चार जोडण्या असत.

पण सी-डॅकमध्ये त्याच काळात आणखी एक काम चालू होतं आणि त्याचं कौतुक मला जास्त वाटतं. आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे आणि सहकाऱ्यांनी घडवलेलं जिस्ट तंत्रज्ञान पुण्यात आलं. पीसीमध्ये एक कार्ड बसवायचं, की पडद्यावर देवनागरी.

खरी गंमत साठवणीत आहे. 'सूर्य' लिहिताना रफार 'य'च्या डोक्यावर बसतो, म्हणून टाइपरायटरवाल्याच्या लेखी तो 'य'नंतरचा. उच्चारात मात्र 'र' आधी येतो. 'कि'मध्ये वेलांटी आधी दिसते, ऐकू येते नंतर. जिस्टवाल्यांनी ठरवलं की संगणकानं उच्चाराचा क्रम लक्षात ठेवावा आणि आकार जुळवायचं काम पडद्यावर दाखवताना करावं. यातूनच भारतीय लिप्या संगणकात साठवण्याचं इस्की हे प्रमाण घडलं. त्यात मराठी 'क', बंगाली 'क' आणि तमिळ 'क' यांना एकच क्रमांक होता. पुढे जगभरच्या लिप्यांसाठीच्या युनिकोड या प्रमाणानं देवनागरीची मांडणी केली ती इस्कीच्याच १९८८ च्या आराखड्यावरून.

ज्यांनी आकारांवर बेतलेल्या जुन्या फॉन्टमध्ये मजकूर पाठवलाय, त्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको. तो फॉन्ट समोरच्याकडे नसला की लग्नपत्रिकेतल्या अक्षरांचासुद्धा पार चुरा व्हायचा. माझ्या एका लेखाचा झाला होता, संपादकांनी फोन करून विचारलं, "ही कुठली भाषा?"

इनस्क्रिप्ट कीबोर्डही याच विचारातला. स्वर डाव्या हाताखाली, व्यंजनं बहुतेक उजव्या. 'क'ची कळ शिफ्टसह दाबली की 'ख', 'ग'ची दाबली की 'घ'. बाराखडी म्हणणाऱ्याला पाठ करायला फारसं उरतच नाही. हा लेख त्यावरच टाइप केलाय. आणि 'ळ' कुठे सापडतो? शिफ्ट धरून 'ल' दाबला की.