इंग्लिश लॅब आणि अमेरिकन लॅब या दोन वेगळ्या जाती नाहीत

लॅब्रॅडॉर कुत्र्याचं पिल्लू घ्यायला गेलं की ब्रीडर (पिल्लं वाढवून विकणारा) सांगतो "हे प्युअर इंग्लिश लॅब आहे, अमेरिकन नाही" आणि लगेच भाव वाढतो. वर्षानुवर्षं हेच चाललंय आणि लोक बिचारे विश्वास ठेवतात. अहो जात एकच आहे, लॅब्रॅडॉर रिट्रीव्हर. मूळ कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांचे कुत्रे, ते ब्रिटनला गेले, तिथं 1903 साली केनेल क्लबची (कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारी संस्था) मान्यता मिळाली, अमेरिकेत 1917 ला.

मग दिसण्यात फरक का? कारण लाइन, म्हणजे एकाच जातीतली वंशावळ, वेगळी. डॉग शोसाठी वाढवलेले बुटके, रुंद छातीचे, मोठ्या डोक्याचे, आणि शिकारीच्या कामासाठी वाढवलेले सडपातळ, उंच, जास्त एनर्जीवाले. पहिल्यांना लोक इंग्लिश म्हणतात, दुसऱ्यांना अमेरिकन, पण या दोन्ही लाइन इंग्लंडमध्येही आहेत आणि अमेरिकेतही!! उंचीच्या नियमात थोडा फरक आहे, ब्रिटनमध्ये नराची 22 ते 22.5 इंच आदर्श धरतात, अमेरिकेत 22.5 ते 24.5 चालते, बस.

आणि "इंग्लिश आहे म्हणून असा भरलेला दिसतो" हे ऐकलं की खरंच वाईट वाटतं, कारण बऱ्याचदा ते कुत्रं नुसतं लठ्ठ असतं. 2016 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना साधारण चारातल्या एका लॅबमध्ये पीओएमसी नावाच्या जीनमध्ये बिघाड सापडला, त्यामुळे भूक जास्त लागते आणि वजन वाढतं. बरगड्या हाताला लागत नसतील तर खाणं कमी करा, गुडघे आणि हिप्स वाचतील त्याचे.

घेताना देश विचारू नका, आईवडील दाखवा म्हणा, त्यांच्या हिप्सचे एक्सरे मागा.