ज्वालामुखीवर बसून मोजलेली हवा खोटी?

हवाई बेटावरच्या मौना लोआ वेधशाळेचे कार्बन डायऑक्साइडचे आकडे फुगलेले आहेत, कारण ती ज्वालामुखीवरच उभी आहे, असा दावा वर्षानुवर्षे फिरतोय. ज्वालामुखी जिवंत आहे, हे खरं. पुढचं चूक.

अमेरिकी शास्त्रज्ञ चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी १९५८ साली तिथे मोजणी सुरू केली, तेव्हा ज्वालामुखी काही त्यांच्या नजरेतून सुटला नव्हता! वेधशाळा सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे. रात्री वारा उतारावरून खाली येतो, तेव्हा कधीकधी विवराकडचा वायूही सोबत येतो. पण तो लपत नाही. आकडा एकदम वरखाली उड्या मारायला लागतो. समुद्रावरून आलेल्या स्वच्छ हवेत मात्र तो तासन्‌तास जवळपास स्थिर असतो. उड्या मारणारे तास सरासरीत धरतच नाहीत.

बरं, मौना लोआ सोडून द्या. दक्षिण ध्रुव, टास्मानियातलं केप ग्रिम, सगळीकडे तीच चढण दिसते: दशलक्ष भागांमागे ३१५च्या आसपास असलेलं प्रमाण आता ४२०च्या पुढे. आपल्या गोव्यातल्या काबो द रामा इथेही १९९३पासून काही वर्षं बाटल्यांत हवा भरून तपासली जात होती. नोव्हेंबर २०२२मध्ये मौना लोआचा उद्रेक होऊन लाव्ह्याने वेधशाळेचा रस्ता आणि वीज तोडली, तेव्हा मोजणी शेजारच्या मौना केआवरून चालू राहिली.

शिवाय हवेतला ऑक्सिजन किंचित घटतोय, हेही मोजलेलं आहे. कोळसा-तेल जळताना ऑक्सिजन लागतो. ज्वालामुखीच्या कार्बन डायऑक्साइडला तो लागत नाही.