एट्रियल फिब्रिलेशन: उपचार कसे ठरतात

एट्रियल फिब्रिलेशन, डॉक्टर लोक नुसतं 'एएफ' म्हणतात, म्हणजे हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन न पावता थरथरत राहतात आणि नाडी बेताल होते, मध्येच दोन ठोके लागोपाठ, मध्येच गॅप. कुणाला छातीत धडधड होते, कुणाला स्टेशनचा जिना चढताना दम लागतो, आणि बऱ्याच जणांना काहीच जाणवत नाही, मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी काढलेल्या ईसीजीत सापडतं.

घरचे पहिलं विचारतात की ठोके नॉर्मल कधी होणार. पण आधी बघायची ती गुठळी. डाव्या वरच्या कप्प्याला एक छोटी पिशवी असते, तिथे रक्त साचून गुठळी होते आणि ती सुटून मेंदूत गेली की पॅरालिसिसचा झटका, एएफमध्ये हा धोका साधारण ५ पट असतो. त्रास कमी आहे म्हणून धोका कमी, असं अजिबात नाही. त्यासाठी चॅड्स-व्हास्क स्कोअर काढतात: हार्ट फेल्युअर, बीपी, शुगर, रक्तवाहिन्यांचा आजार, वय ६५ ते ७४ याला प्रत्येकी १, वय ७५ किंवा त्याहून जास्त असेल किंवा आधी झटका येऊन गेला असेल तर प्रत्येकी २. बाई असण्याचाही १ धरायचे, युरोपच्या २०२४ च्या गाइडलाइनने तो काढला. म्हणजे गिरगावातल्या ६८ वर्षांच्या काकूंना बीपी आणि शुगर दोन्ही असेल तर तिथेच ३ झाले, आणि २ किंवा जास्त झाले की रक्त पातळ करायची गोळी द्यायचीच असते. नुसती अ‍ॅस्पिरिन यावर पुरत नाही, तरी "डोस हलका आहे" म्हणून तीच चालू ठेवणारे अजून दिसतात, हे थांबायला हवं.

आता गोळी कुठली, तर इथे व्हॉल्व्ह बघावा लागतो. मुंबईत केईएम, सायन, नायरच्या ओपीडीत लहानपणी ऱ्हुमॅटिक फीवर होऊन मायट्रल व्हॉल्व्ह आकसलेले तरुण पेशंटही असतात, श्रीमंत देशांत हे फार कमी दिसतं. अशा आकसलेल्या व्हॉल्व्हला, किंवा धातूचा व्हॉल्व्ह बसवलेला असेल तर, वॉरफरिन किंवा अ‍ॅसिट्रॉमच. २०२२ च्या इन्व्हिक्टस ट्रायलमध्ये ऱ्हुमॅटिक पेशंटना रिव्हारॉक्साबान ही नवी गोळी देऊन पाहिलं, जुन्या गोळीवाल्यांमध्ये मृत्यू कमी झाले. या जुन्या गोळीला आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा, तपासत राहावं लागतं, बहुतेकांना २ ते ३ च्या मध्ये ठेवायचा, धातूच्या व्हॉल्व्हला जास्तही लागतो, आणि डोस बदलत राहतो, एक दिवस २ मिलिग्रॅम, एक दिवस ३, म्हणून घरात कॅलेंडरवर लिहून ठेवलेलं बरं. पालक-मेथी बंद करायची गरज नाही, फक्त आठवडाभर काहीच नाही आणि मग रोज पालक असं करू नये. बाकीच्यांना अपिक्साबान, डॅबिगॅट्रान वगैरे नव्या गोळ्या, आयएनआर लागत नाही, पण किडनीचा रिपोर्ट बघून डोस ठरतो आणि एक डोस चुकला तरी परिणाम लवकर उतरतो.

मग ठोक्यांचं. एक तर वेग आवरायचा, मेटोप्रोलॉल, डिल्टियाझेम किंवा डिगॉक्सिनने. २०१० च्या रेस-२ ट्रायलप्रमाणे आरामात बसल्यावर मिनिटाला ११० ठोक्यांच्या खाली असला तरी सुरुवातीला चालतं. नाहीतर ताल परत आणायचा, औषधाने, शॉक देऊन किंवा अ‍ॅब्लेशनने. २००२ च्या अफर्म ट्रायलमध्ये दोन्ही रस्त्यांत जगण्याचा फरक दिसला नाही म्हणून बरीच वर्षं वेगावरच भागवलं जायचं, पण २०२० च्या ईस्ट ट्रायलने दाखवलं की निदान होऊन वर्षाच्या आत ताल सांभाळायला घेतला तर झटके आणि हृदयाशी संबंधित मृत्यू कमी होतात. त्यामुळे नवीन एएफ, खूप त्रास, किंवा हार्ट फेल्युअर असेल तर तालाचा विचार लवकर करावा, वर्षानुवर्षं एएफ असून कप्पा खूप मोठा झाला असेल तर ताल टिकायची आशा कमीच. अमिओडारोन जोरदार काम करतं पण थायरॉइड, लिव्हर, फुफ्फुसं तिन्हीवर लक्ष ठेवावं लागतं.

अ‍ॅब्लेशनमध्ये पायाच्या शिरेतून तार नेऊन फुफ्फुसांकडून येणाऱ्या शिरांची तोंडं विजेपुरती वेगळी करतात, कारण बेताल ठिणग्या बहुतेक तिथूनच निघतात हे १९९८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या टीमने दाखवलं. त्यानंतर नाडी अगदी सरळ चालली तरी रक्त पातळ करायची गोळी निदान दोन-तीन महिने चालूच राहते, आणि पुढे ती बंद करायची का हे नाडीवर नाही, स्कोअरवरच ठरतं.