ट्रिप सर्किट सुपरव्हिजन
सर्किट ब्रेकरला उघडण्याची आज्ञा पोहोचवणारे डीसी सर्किट अखंड आहे की नाही, हे सतत तपासणारी व्यवस्था. ब्रेकर महिनोन्‌महिने ऑन राहतो. या काळात ट्रिप कॉइलची (ब्रेकर उघडणाऱ्या विद्युतचुंबकाची) तार तुटली किंवा फ्यूज उडाला, तरी वीजपुरवठ्यात काहीच फरक दिसत नाही. दोष प्रत्यक्ष येतो तेव्हा रिले (दोष ओळखून ब्रेकरला आज्ञा देणारे उपकरण) अचूक काम करतो, ब्रेकर मात्र जागचा हलत नाही.

हे सर्किट बॅटरीच्या धन टोकापासून फ्यूज, रिलेचा ट्रिप संपर्क, ब्रेकरचा ५२-ए सहायक संपर्क (ब्रेकर ऑन असतानाच मिटलेला राहणारा) आणि ट्रिप कॉइल यांतून ऋण टोकाला जाते. सुपरव्हिजन रिले ट्रिप संपर्काला समांतर जोडतात. त्यातून कॉइलमध्ये जेमतेम काही मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. तो थांबला की अलार्म येतो. ट्रिप होताना रिलेचा संपर्क याच घटकाला शॉर्ट करतो, म्हणून अलार्मला साधारण ४०० मिलिसेकंदांचा विलंब ठेवतात. लॉकआउट रिले (ट्रिपनंतर ब्रेकर पुन्हा ऑन होऊ न देणारा रिले) हाताने रीसेट करेपर्यंत त्याचा संपर्क मिटलेला असतो. तोवर येणारा अलार्म म्हणजे तार तुटल्याची खूण नव्हे.

ब्रेकर ऑफ असताना ५२-ए उघडा असतो. तेव्हाही निगराणी हवी असेल तर त्याला समांतर रोधक लावतात. २२० व्होल्टला ३३ किलोओहम घेतला, तर सुपरव्हिजन घटक शॉर्ट झाला तरी प्रवाह ७ मिलिअँपिअरच्या आत राहतो आणि कॉइल कार्यान्वित होत नाही. रोधक फार मोठा घेतल्यास रिलेला पुरेसा व्होल्टेज मिळत नाही, खोटे अलार्म येतात.

या व्यवस्थेवर भरवसा ठेवताना तिची मर्यादा माहीत हवीच. समजा कॉइल ११० ओहमची आहे आणि सैल टर्मिनलवर १०० ओहम रोध तयार झाला. ५ मिलिअँपिअरला तिथे अर्धाच व्होल्ट पडतो. अलार्म येत नाही. ट्रिपच्या वेळी मात्र २२० पैकी सुमारे ११५ व्होल्टच कॉइलला मिळतात, म्हणजे ५२ टक्के. ट्रिप कॉइलने ७० टक्के डीसी व्होल्टेजला काम करावे, अशी आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत मानकाची अपेक्षा आहे. ५२ टक्क्यांची हमी कोणी देत नाही. अडकलेली यंत्रणा, रिलेचा खराब संपर्क, क्षीण बॅटरी यांचाही पत्ता यातून लागत नाही. म्हणून रिलेपासून प्रत्यक्ष ट्रिप देऊन बघणे आणि कॉइल प्रवाहाचा आलेख घेणे टाळता येत नाही.

चाचणीत ब्रेकर ऑन आणि ऑफ अशा दोन्ही स्थितींत कॉइलची तार टर्मिनलवरून काढून, ठरलेल्या विलंबानंतर नियंत्रण कक्षात अलार्म पोहोचतो का ते पाहतात. फीडर (पुरवठा नेणारी लाइन) भारावर असेल तर तार काढलेल्या काळात त्या कॉइलने ब्रेकर ट्रिप होऊ शकत नाही. दुसरी ट्रिप कॉइल सज्ज असल्याची खात्री आधी करावी, नाहीतर आउटेज घ्यावे, म्हणजे फीडर बंद ठेवावा.