कोड येत नाही म्हणून एम्युलेटरला मदत करता येत नाही?

एम्युलेटर म्हणजे जुन्या गेमयंत्राची नक्कल करून त्याचे गेम संगणकावर चालवणारा प्रोग्राम. ‘प्रोग्रामिंग येत असेल तरच एम्युलेटरच्या कामाला हात लावता येतो, बाकीच्यांनी फार तर पैसे द्यावेत’ हा समज वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो चुकीचा आहे, आणि त्यामुळे कितीतरी उत्सुक माणसे दारातूनच परत जातात, याचे मला खरेच वाईट वाटते.

१९९७ साली सुरू झालेला मेम (MAME) हा आर्केड, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या यंत्रांवरच्या, गेमचा एम्युलेटर घ्या. त्यात कोड लिहिणाऱ्यांइतकेच मोल आहे जुन्या आर्केड बोर्डांवरच्या चिपमधला मजकूर, म्हणजे खुद्द गेम, उतरवून घेणाऱ्यांचे. तो मजकूर नसेल, तर एम्युलेटर चालवणार तरी काय?

सगळ्यात सोपी आणि सगळ्यात दुर्लक्षित मदत म्हणजे नीट केलेली तक्रार. ‘गेम चालत नाही’ एवढ्यावरून कोणालाच काही कळत नाही. एम्युलेटरची नेमकी आवृत्ती, ग्राफिक्स कार्ड, त्याचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर), लॉग (एम्युलेटरने ठेवलेली कामाची नोंद) आणि बिघाड पुन्हा कसा घडवायचा, हे लिहा. आधीच्या आवृत्तीत गेम चालत होता? मग मधल्या आवृत्त्या निम्म्या-निम्म्या करत तपासा. हजार आवृत्त्यांमधून बिघाड आणणारी एक साधारण दहा चाचण्यांत सापडते, आणि यासाठी कोडची एक ओळही वाचावी लागत नाही.

डॉल्फिन या गेमक्यूब आणि वी या निन्टेन्डो यंत्रांच्या एम्युलेटरमध्ये तर गेम ग्राफिक्स चिपला देत असलेल्या आज्ञाच नोंदवून ती फाइल तक्रारीला जोडता येते. चित्र का बिघडले, हे विकासकाला त्यावरून तपासता येते.

भाषांतर, मार्गदर्शिका, सुसंगततेच्या नोंदी (कोणता गेम कितपत चालतो याच्या) यांनाही माणसे हवीच असतात. फक्त तक्रार करण्यापूर्वी गेमची प्रत स्वतःच्या डिस्कवरून किंवा कार्ट्रिजवरून काढलेली असू द्या. कुठूनतरी उतरवलेली फाइल सदोष असली, तर विकासकाचे तास वाया जातात.