अंग मोकळं व्हायला किती मिनिटं लागतात?

आमच्या दादरच्या इमारतीला लिफ्ट नाही. सकाळी सहाला मी तिसऱ्या मजल्यावरून उतरतो तो खेकड्यासारखा आडवा, कठडा दोन्ही हातांनी धरून, एकेका पायरीवर दोन्ही पावलं टेकवत. सातला शिवाजी पार्कचे दोन फेरे मारून परततो तेव्हा तेच जिने सरळ चढतो, वर हातात दुधाची पिशवी. गुडघे तेच, वयही तेच, ७१. तासाभरात सांध्यातली कूर्चा उगवत नाही आणि हाडही नवं येत नाही. मग बदललं काय?

आयुष्यभर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं, त्यामुळे असेल, पण ‘वय झालं’ हे उत्तर माझ्या पचनी पडत नाही. वय सहाला झालेलं असतं तसं सातलाही झालेलंच असतं. ‘गुडघे झिजले’ हेही तसंच. झीज खरी, एक्स-रेमध्ये दिसतेही. पण ती सकाळी जास्त आणि दुपारी कमी नसते. सकाळचं आखडणं हा बराचसा थांबण्याचा परिणाम आहे. रात्रभर आपण थांबलेले असतो.

गुडघ्याच्या सांध्यात जे नैसर्गिक वंगण असतं, ते निरोगी माणसात चहाचा चमचाही भरणार नाही इतकं थोडं. दिसायला कच्च्या अंड्यातल्या पांढऱ्या भागासारखं. त्यात हायल्युरॉनिक आम्लाचे लांबच लांब रेणू असतात. हालचाल नसली की ते एकमेकांत गुंततात आणि द्रव दाटतो. सांधा हलू लागला की रेणू हालचालीच्या दिशेनं सरळ होतात आणि तोच द्रव पातळ वागतो. टोमॅटो सॉसची बाटली उलटी केली तर काही पडत नाही, हलवली की भसकन ओतला जातो, त्यातलाच प्रकार. (वर्गात मी दह्याचं उदाहरण द्यायचो, पण दही एकदा मोडलं की मोडलं. वंगण मात्र थांबल्यावर पुन्हा दाट होतं, म्हणून सॉसच बरा.)

कूर्चेची गोष्ट त्याहून मजेची आहे. हाडांच्या टोकांवरच्या या गुळगुळीत अस्तरात रक्तवाहिनी नाही. मग तिला अन्नपाणी पोहोचतं कसं? रसगुल्ला दाबला की पाक बाहेर येतो, सोडला की आत शिरतो, तसं. प्रत्येक पावलाला कूर्चा थोडी दबते, जुनं पाणी बाहेर टाकते, आणि पाय उचलला की ताजं ओढून घेते. म्हणजे चालणं हेच तिचं जेवण. जो माणूस ‘गुडघे वाचवायला’ दिवसभर खुर्चीत बसतो, तो त्यांना उपाशी ठेवतो. हौसेनं पळणाऱ्यांचे गुडघे लवकर कामातून जातात असं आपण धरून चालतो. पण अनेक अभ्यास एकत्र करून २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात गुडघ्या-खुब्याचा झिजेचा संधिवात हौशी धावपटूंमध्ये साडेतीन टक्के आढळला, तर बैठ्या लोकांमध्ये दहा टक्क्यांच्या वर. मुळात ज्यांचे सांधे चांगले तेच धावत राहतात, हा आक्षेप रास्त आहे. तरीही धावून सांधे संपतात ही समजूत यातून टिकत नाही.

दुसरं कारण शरीराच्या घड्याळात आहे. कॉर्टिसॉल हे संप्रेरक सूज दाबतं. मध्यरात्रीच्या सुमारास त्याची पातळी सर्वांत खाली असते आणि पहाटे ती चढू लागते. ज्यांच्या सांध्यांना सूज आहे, त्यांच्यात याच उत्तररात्री सूज वाढवणारी रसायनं जोरात असतात. शरीराचं तापमानही पहाटेच सगळ्यात कमी. म्हणजे जाग येते तेव्हा आपण दिवसातल्या सर्वांत वाईट मुहूर्तावर उभे असतो. याचा उपयोग करून २००८मध्ये आमवाताच्या, म्हणजे सांधे सुजवणाऱ्या रुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या, रुग्णांवर एक चाचणी झाली. स्टिरॉइडची गोळी रात्री झोपताना घ्यायची, पण ती पोटात उघडायची सुमारे चार तासांनी, म्हणजे पहाटे दोनच्या आसपास. तेवढ्याच मात्रेची नेहमीची गोळी सकाळी घेणाऱ्यांपेक्षा या रुग्णांचा आखडण्याचा काळ कमी झाला. औषध तेच, फक्त वेळ बदलली.

म्हणून मी कट्ट्यावरच्या मित्रांना एकच प्रश्न विचारतो: अंग मोकळं व्हायला किती मिनिटं लागतात? हा प्रश्न माझा नाही, डॉक्टरांचा आहे. १९८६च्या अमेरिकन निकषांत गुडघ्याच्या झिजेच्या संधिवाताची एक खूण ‘अर्ध्या तासापेक्षा कमी आखडणं’ ही होती. १९८७च्या निकषांत आमवातासाठी ‘किमान एक तास’. पुढे निकष बदलले, पण चौकशीचा हा धागा अजून कामाचा आहे. दहा-वीस मिनिटांत सैल होत असाल तर बहुधा माझ्याच पंगतीतले. तास उलटून जातो, बोटांची पेरं सुजलेली असतात, दोन्ही हातांना सारखंच होतं, तर संधिवाताच्या डॉक्टरकडे जायचं. आमवात लवकर पकडला तर सांधे वाकडे होणं थांबवता येतं.

एक आजार मुद्दाम सांगतो, कारण तो ‘वय झालं’च्या पोत्यात हमखास कोंबला जातो. पन्नाशीनंतर होणारा पॉलिमायल्जिया रुमॅटिका. दोन्ही खांदे आणि खुबे काही दिवसांत किंवा आठवड्यांत इतके आखडतात की सदरा डोक्यावरून काढवत नाही, अंथरुणात कूस बदलवत नाही, आणि हे पाऊण तासाच्या वर चालतं. योग्य औषधानं बहुतेकांना काही दिवसांतच मोठा उतार पडतो. पण त्याच्या जोडीला कानशिलं दुखू लागली, चावताना जबडा भरून आला किंवा नजर धूसर झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. दृष्टी जाण्याचा धोका असतो.

डॉक्टरसमोर बसलो की आपण ‘अंग दुखतं’ म्हणून मोकळे होतो. मराठीत दुखण्याला शब्दांचा काय तोटा आहे! ठणका वेगळा, कळ वेगळी. पाठीत उसण भरते, मांडीतून चमक जाते, पोटऱ्या आंबतात, पायाला मुंग्या येतात. आंबलेला स्नायू आणि ठणकणारा सांधा यांची कारणं वेगळी, उपायही वेगळे. नीट शब्द वापरला तर निम्मी तपासणी तिथेच होते. पहिल्या पावलाला टाच टोचली आणि चार पावलांत कमी झाली, हे सांगितलं तरी डॉक्टरचं लक्ष गुडघ्यावरून तळव्याखालच्या पट्ट्याकडे जाईल.

कंबरेचा हिशेब मात्र निराळा. मणक्यांच्या मधल्या चकत्या दिवसभर शरीराच्या भारानं पाणी गमावतात आणि रात्री आडवं झालं की पुन्हा शोषून फुगतात. सकाळी आपली उंची एक ते दोन सेंटिमीटर जास्त भरते ती यामुळेच, आणि त्यातली निम्मी वाढ उठल्यावर पहिल्या तासात उतरते. फुगलेल्या चकतीवर वाकण्याचा ताण जास्त येतो. आता मुंबईच्या जुन्या चाळी आठवा. पहाटे नळाला पाणी आलं की डोळे चोळत उठायचं आणि पहिलं काम काय, तर वाकून भरलेली बालदी उचलायची. पिंपात पाणी, चकतीतही पाणी, आणि कंबरेचा जीव मध्ये. १९९८मध्ये अमेरिकेत जुनाट कंबरदुखीच्या लोकांना उठल्यानंतरचे सुमारे दोन तास पुढे वाकणं टाळायला शिकवलं, तेव्हा त्यांचं दुखणं कमी झालं. म्हणून उठल्या उठल्या पायाच्या अंगठ्याला हात लावायचा हट्ट सोडा. तो व्यायाम संध्याकाळी करा. आणि बालदीऐवजी दोन कळशा, अर्ध्या भरलेल्या.

माझं स्वतःचं सांगतो. जाग आल्यावर अंथरुणातच पावलं घोट्यातून वीसेक वेळा वरखाली. मग टाच गादीवर घासत एकेक गुडघा जवळ आणायचा, लांब करायचा. दोन्ही गुडघे उभे करून डावीउजवीकडे हलके झुलवायचे. हाताच्या मुठी उघडमीट. हे सगळं पाच मिनिटांत होतं. मग कुशीवर वळून, हाताच्या रेट्यानं उठायचं, आई सांगायची तसं, आणि मिनिटभर पलंगाच्या कडेला बसायचं; रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना झटकन उभं राहिलं की भोवळ येते. त्यानंतर गरम पाण्याची आंघोळ. उष्णतेनं स्नायू सैलावतात, दुखणंही मंदावतं. मधुमेहामुळे पायांची जाणीव कमी झाली असेल तर पाण्याचा अंदाज हातानं घ्यावा, पायानं नको. तेलाचं विचाराल तर ते कातडी ओलांडून गुडघ्याच्या सांध्यात काही पोहोचत नाही. पण चोळण्यानं बरं वाटतं, आणि चोळताना हात-पाय दोन्ही हलतात. चोळा की!

दुखण्याच्या गोळ्या मात्र शेंगदाण्यासारख्या खाऊ नयेत. साठीनंतर त्यांचा मार जठर, मूत्रपिंड आणि रक्तदाब या तिघांवर पडतो. सांध्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या ग्लुकोसामाइनच्या महागड्या डब्यांबद्दल विचाराल, तर २००६च्या १,५८३ रुग्णांच्या अमेरिकन चाचणीत एकंदर गटात ते नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरलं नव्हतं. तेवढ्या पैशांत चांगले बूट येतात.

आता पुन्हा आमचा जिना. उतरताना जास्त त्रास का? २०१०मध्ये बर्लिनच्या संशोधकांनी पाच रुग्णांच्या कृत्रिम गुडघ्यांत बसवलेल्या संवेदकांनी प्रत्यक्ष भार मोजला. सपाटीवर चालताना शरीराच्या वजनाच्या अडीच पटींहून थोडा जास्त, चढताना तीन पटींहून जास्त, उतरताना जवळजवळ साडेतीन पट. दादर स्टेशनचा पूल उतरताना लोक कठड्याच्या बाजूला का दाटतात ते यावरून कळावं. हा भार पेलायला मांडीचा पुढचा स्नायू लागतो. तोच वयाबरोबर आटतो, आणि सकाळचं फिरणं त्याला पुरेसं काम देत नाही. इथे आम्हा फिरणाऱ्यांचा अहंकार आड येतो: रोज चार किलोमीटर चालतो, आणखी काय करायचं? ताकदीचे व्यायाम करायचे. १९९०मध्ये अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमात सरासरी नव्वद वर्षांच्या दहा जणांना आठ आठवडे मांडीसाठी वजनं उचलायला लावली. नऊ जणांनी शेवटपर्यंत केलं. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदाव्या वर्षी!

घरी सुरुवात करायची तर भिंतीला टेकवलेली खुर्ची पुरे. हात छातीशी बांधून उठा, बसा. तीस सेकंदांत किती वेळा उठता येतं, ही वृद्धांसाठीची मान्य चाचणी आहे. ६५ ते ६९ वयात बाईला ११ आणि पुरुषाला १२ पेक्षा कमी जमलं तर पाय कमकुवत समजायचे. मी पहिल्यांदा केलं तेव्हा नऊवर धापा टाकत होतो, आणि ही गोष्ट कट्ट्यावर कुणाला सांगितली नाही. पोटही विसरू नका. वजन एक किलो उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी उतरतो, असं २००५च्या मोजमापात दिसलं.

व्यायाम करताना दुखलं तर? थोडं दुखू द्यावं. ज्या दुखण्याला दहापैकी तीन-चार गुण देता येतील आणि जे दुसऱ्या सकाळपर्यंत पूर्वपदावर येतं, ते चालेल. दुसऱ्या दिवशी सांधा सुजला तर मात्रा जास्त झाली. नव्या व्यायामानं मांड्या दोन-तीन दिवस आंबतात, तो स्नायूंचा कांगावा. सांध्याशी त्याचा संबंध नाही.

पावसाळ्याचा आळ मात्र अर्धाच खरा. २०१७मध्ये अमेरिकेतल्या एक कोटीहून जास्त डॉक्टरभेटींच्या नोंदी पावसाच्या नोंदींशी ताडून पाहिल्या, संबंध सापडला नाही. २०१९च्या ब्रिटिश अभ्यासात दमट हवा आणि कमी दाबाच्या दिवशी दुखणं किंचित वाढलेलं दिसलं. मला वाटतं मुंबईत खरा घोटाळा वेगळाच: जूनमध्ये पार्कात चिखल होतो आणि आमची अर्धी मंडळी सप्टेंबरपर्यंत घराबाहेर पडत नाहीत. मग सांधे आखडले की दोष ढगांना. इमारतीच्या व्हरांड्यात फेऱ्या मारायला कोण अडवतं?

आणखी एक गोष्ट जपावी, खाली बसणं. ब्राझीलच्या क्लाउदियो जिल अराउजो यांनी ५१ ते ८० वयाच्या २,००२ लोकांना जमिनीवर बसून उठायला सांगितलं आणि हात-गुडघा टेकला की गुण कापले. २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत कमी गुणवाल्यांचं पुढच्या काही वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं. बसता न येणं हे मरणाचं कारण नव्हे, खालावलेल्या ताकदीची खूण आहे. आपल्याकडे पंगत टेबलावर गेली आणि ही चाचणी रोज दोनदा फुकट होत होती ती बंद पडली. गुडघा फार दुखत असेल तर जबरदस्ती नको. जमत असेल त्यानं निदान सकाळचा पेपर खाली बसून वाचावा.

सांध्यांना सकाळ-संध्याकाळपेक्षा किती वेळ थांबलो हेच जास्त कळतं. रात्री दोन मालिका सलग पाहून उठलं की गुडघे तसेच कुरकुरतात. आमच्याकडे यावर उपाय म्हणून रिमोट टीव्हीच्या शेजारी ठेवलाय. जाहिराती लागल्या की आवाज कमी करायला कुणाला तरी उठावं लागतं. यावरून रोज भांडण होतं, आणि बहुतेक वेळा मीच उठतो.