वाहतूक पोलिसांनी गाडी अडवणे (कोल्हापूर)

पोलिसांनी रस्त्यात गाडी अडवली की चालकानं काय करायचं आणि पोलिसांना काय काय करता येतं, हे सगळं मुख्यतः मोटार वाहन कायदा १९८८ आणि केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ यांत आहे. कोल्हापुरात दसरा चौक, ताराराणी चौक, सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) किंवा रंकाळ्याच्या बाजूला पांढरा शर्ट, खाकी पँट दिसली की आरशाला अडकवलेलं हेल्मेट आपोआप डोक्यावर चढतं, कायद्याचा एवढा परिणाम तर रोजच दिसतो.

पहिलं म्हणजे थांबायचं. वाहतूक सांभाळणाऱ्या पोलिसाचा इशारा पाळणं कलम ११९ नुसार बंधनकारक आहे, आणि त्याचा कायदेशीर आदेश मुद्दाम धुडकावला, अडथळा आणला किंवा मागितलेली माहिती दिली नाही तर कलम १७९ लागतं, ज्याचा दंड २०१९ च्या दुरुस्तीनं ५०० वरून २००० रुपयांपर्यंत गेला. मामा, म्हणजे वाहतूक पोलीस, दिसले की बोळात गाडी घालणारे किंवा उलटं वळून राँग साइडनं सुटणारे ह्या दंडाला घाबरत नसतील, पण समोरून केएमटीची (शहर बससेवेची) बस आली तर काय, हा विचार तरी करावा.

मग कागद. कलम १३० प्रमाणे गणवेशातल्या कुठल्याही पोलिसानं मागितलं की लायसन दाखवावं लागतं, गाडीचे कागद आरटीओचे अधिकृत अधिकारीही मागू शकतात. आरसी, इन्शुरन्स आणि पीयुसी पण जवळ पाहिजे. २०१८ मध्ये नियम १३९ बदलला आणि हे सगळं मोबाइलवर दाखवलं तरी चालायला लागलं, डिजिलॉकर आणि एमपरिवहन ह्या सरकारी अ‍ॅपमधले कागद मूळ कागदासारखेच धरायचे. इथं लई जण फसतात, कारण गॅलरीत ठेवलेला लायसनचा फोटो म्हणजे डिजिलॉकर नव्हे, कागद अ‍ॅप उघडूनच दाखवायचे. आणि ऐन रविवारी महाद्वार रोडच्या गर्दीत नेटवर्क गेलं की अ‍ॅप नुसतं फिरत बसतं, तेव्हा घरातनं निघतानाच एकदा उघडून बघितलेलं बरं. कागद त्या क्षणी नसेल तर कलम १३० आणि नियम १३९ मध्ये साक्षांकित प्रत १५ दिवसांत सादर करायची सोय आहे, तेवढ्यावरनं लगेच गाडी जप्त, असं सरसकट नसतं.

पण जप्तीचे अधिकार आहेत हेही खरं. लायसन किंवा कागद बनावट वाटला, किंवा चालक पळून जाईल असं वाटलं तर कलम २०६ नुसार लायसन ताब्यात घेता येतं, २०१९ नंतर ट्रिपल सीट, हेल्मेट नसणं, दारू पिऊन चालवणं वगैरे प्रकारांतही घेता येतं, मात्र पोच मागून घ्यायची, लायसन परत मिळेपर्यंत किंवा पोचेवर तारीख दिली असेल तर तोपर्यंत लायसनच्या जागी तीच चालते. विनानोंदणी, विनालायसन गाडी अडकवून ठेवायचा अधिकार कलम २०७ मध्ये आहे. किल्ली काढून घेण्याचा अधिकार असा वेगळा कायद्यात कुठे लिहिलेला नाही, तरी चौकात निम्मी भांडणं किल्लीवरनंच होतात. दारूचा संशय असला तर कलम २०३ प्रमाणे श्वास तपासायच्या मशिनमध्ये फुंकायला लावतात, अल्कोहोल १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर गेलं की कलम १८५, पहिल्याच वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. संशयाला कारण असताना फुंकायला नकार दिला तर वॉरंटशिवाय अटक होऊ शकते, त्यामुळे ‘मी फुंकणार नाही’ हा काही बचाव नव्हे.

आता वागणं. खरं तर प्रकरण बिघडतं ते इथं. गाडी कडेला घ्यायची, बंद करायची, कागद द्यायचे, बोलणं साहेब-भाऊ असं सरळ ठेवायचं, आणि ‘थांबा, एक फोन लावतो’ म्हणून कुठल्यातरी वळखीच्या नेत्याला मध्ये आणायचं नाही, कारण ई-चलनाच्या मशिनवर नंबर गेला की फोन करून तो निघत नाही. हात उचलला, ढकलाढकली केली तर प्रकरण थेट भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ मध्ये, म्हणजे कर्तव्यावरच्या लोकसेवकावर हल्ला, जिथं २ वर्षांपर्यंत कैद आहे. उलट बाजूनं कुणी पावतीशिवाय पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा नंबर आहे, पण २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो, तेव्हा ‘शंभरात मिटव की भावा’ म्हणणाऱ्यानं स्वतःकडंही बघावं.

पोरगं अमेरिकेत आहे अशी घरं इथं बरीच आहेत, त्यांच्यासाठी एवढंच, की तिकडं अडवल्यावर आपल्यासारखं उतरून साहेबांकडं चालत जायचं नाही. गाडीतच बसायचं, हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवायचे, कागद काढायच्या आधी तसं सांगायचं. उतरा म्हटलं तर मात्र उतरावं लागतं, १९७७ च्या पेन्सिल्व्हेनिया विरुद्ध मिम्स खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टानं पोलिसांचा हा अधिकार मान्य केला, आणि १९९७ मध्ये तो सोबतच्या प्रवाशांनाही लागू केला.

चलन पटलं नाही तर जागेवर वाद घालण्याऐवजी कोर्टात जाता येतं, चलन भरणं म्हणजे कलम २०० खाली तडजोड (पैसे भरून गुन्हा कोर्टाबाहेर मिटवणं) असते आणि ती करायलाच पाहिजे असं नाही. थकलेली चलनं लोकअदालतीतही मिटवता येतात.